राघू परत का आला? उपमांमधून इतिहास शोधताना

मी चौथीत होते. थंडीचे दिवस, संध्याकाळचे पाच वाजले असतील. राघूला मिरची द्यायला म्हणून मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली, मी वळून बघितलं, आणि परत वळेपर्यंत पिंजरा रिकामा होता. राघू समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर.

हिंगोलीतल्या आमच्या गल्लीत मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. काका पंचा घेऊन धावले. आतेभाऊ शिडी लावून झाडावर चढला. पोरांनी टाळ्या, शिट्ट्या सुरू केल्या. प्रत्येक टाळीसरशी राघू एक फांदी वर. शेवटी आजी बाहेर आली आणि म्हणाली, "मागं पळू नका रे. माणूस पळालं की पाखरू उडतंय. जा सगळे घरात."

तिने पिंजरा ओट्यावर ठेवला. दार सुतळीने बांधून सताड उघडं केलं. आत पाण्याची वाटी आणि पेरूची फोड. मग स्वतः झाडाकडे अर्धी पाठ करून बसली आणि हरभऱ्याचा डहाळा सोलून खायला लागली. अगदी आवाज करत, घाटे फोडत. मधूनच रोज संध्याकाळी राघूशी बोलायची तेच, त्याच सुरात बोलायची. झाडाकडे एकदाही बघितलं नाही. मी खिडकीच्या गजांना नाक लावून बघत होते. दिवस कलला. राघू आधी खालच्या फांदीवर आला, मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर, मग पिंजऱ्याच्या टपावर. टपावर बराच वेळ इकडून तिकडे चालला. आणि मग दारातून आत. आजीने दार लगेच लावलं नाही. तो पेरूला चोच लावेपर्यंत थांबली, मग हळूच सुतळी सोडली.

मी विचारलं, "आजी, तो परत का आला?"

तिचं उत्तर या लेखाच्या शेवटी सांगते. कारण ते उत्तर मला कळायला सोळा-सतरा वर्षं आणि प्रबंधाचं एक फेटाळलेलं प्रकरण लागलं.

हा विषय संशोधनाचा कसा झाला

ज्यांनी या ब्लॉगवरचे आधीचे लेख वाचले आहेत त्यांना माहीत आहे की मी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातल्या घरगुती प्राणी-पक्ष्यांवर पीएचडी करते आहे. विषय सांगितला की नातेवाईक हसतात. "युद्धं, राजे सोडून पोपट?" तुम्हीही लहानसा विषय घेणार असाल तर या हसण्याची सवय करून घ्या. पण हसणाऱ्यांच्या प्रश्नात एक खरी अडचण दडलेली असते, ती मात्र टाळू नका. अडचण अशी: राजाच्या लढाईची बखर असते, दानाचा ताम्रपट असतो, जमिनीचा महजर असतो. ओट्यावर बसून राघूला परत बोलावणाऱ्या बाईचं काय असतं? कागद कुठला?

तर कागद असतो, पण तो तिच्याबद्दल नसतो. तो परमार्थाबद्दल असतो, शृंगाराबद्दल असतो, राजाच्या करमणुकीबद्दल असतो, आणि त्यात पक्षी मध्येच येऊन जातो, बहुतेक वेळा उपमा म्हणून. या उपमा पुरावा म्हणून कशा वाचायच्या, आणि मी त्या आधी कशा चुकीच्या वाचल्या, हे आज सांगायचं आहे.

पहिली चूक: ज्ञानेश्वरीतला पोपट

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ.स. १२९०. तिच्या सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असतो या गीतेच्या श्लोकावर बोलताना ज्ञानेश्वर पोपटाचा दृष्टान्त देतात. पोपट एका नळीवर बसतो. त्याच्या वजनाने नळी गरकन फिरते आणि तो उलटा होतो. खरं तर त्याने पाय सोडले की तो मोकळाच आहे. पण त्याच्या मनात शंका शिरते. तो मान पिळतो, छाती आवळून धरतो, आपण बांधलेच गेलो असं समजून मोकळा पंजा नळीत आणखी घट्ट रुतवतो. अर्धा तोडला तरी नळी सोडणार नाही अशी त्याची गत. ज्ञानेश्वर विचारतात, याला दुसऱ्या कुणी बांधलं का?

संस्कृतात याला शुकनलिकान्याय म्हणतात. उत्तरेत कबीराच्या पदांतही हाच नळीवरचा पोपट भेटतो. म्हणजे दृष्टान्त देशभर फिरलेला आहे.

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी ऐटीत लिहिलं होतं: "तेराव्या शतकात मराठी मुलखात पोपट पाळण्याची प्रथा सर्रास होती, याला ज्ञानेश्वरीचा आधार आहे." माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "हा पोपट पाळलेला आहे का?"

मी पुन्हा वाचलं. नव्हता. तो पकडला जात होता. पिंजरा तिथे कुठेच नाही. मी लहानपणापासून पोपट म्हटलं की पिंजरा बघत आले, म्हणून नळीच्या जागी मला पिंजरा दिसला. ही चूक तुम्हीही करणार आहात, विषय कुठलाही असो. आपल्या घरातलं चित्र आपण जुन्या मजकुरावर नकळत डकवतो. यावर एकच उपाय मला सापडला आहे: मजकुरात जे नाव आहे, जी वस्तू आहे, तेवढीच आधी वहीत लिहायची. नळी. पोपट. वजन. पंजा. पिंजरा लिहायचा नाही, कारण तो नाही.

मग हा दृष्टान्त काय सिद्ध करतो? मी आता प्रत्येक उपमेसाठी वहीत तीन रकाने करते.

पहिला, खात्रीचं. दृष्टान्त देणारा माणूस आणि त्याचे श्रोते यांना नळीने पोपट धरतात ही कल्पना ओळखीची होती. ओळखीची नसती तर दृष्टान्तच समजावून सांगावा लागला असता. ज्ञानेश्वर नळी कशी बांधतात हे सांगत बसत नाहीत. ते सरळ नळी फिरल्यापासून सुरुवात करतात.

दुसरा, संभवतं. पोपट धरून विकणारे किंवा पाळणारे लोक आसपास असावेत. पण दृष्टान्त परंपरेतून आलेला असेल, तर श्रोत्यांनी नळी डोळ्यांनी न बघताही तो समजून घेतलेला असू शकतो. आपण नाही का, सिंह न बघता सिंहाच्या उपमा देत?

तिसरा, यातून निघत नाही ते. किती घरांत पोपट होते, कोण पाळायचं, पोपट उडाला तर कसा बोलवायचे. यातलं काहीही या ओव्यांमधून निघत नाही. मला ते कितीही हवं असलं तरी.

आणि एक चौथी गोष्ट, जी रकान्यात बसत नाही. ज्ञानेश्वरी आज आपण वाचतो ती बरीचशी एकनाथांनी इ.स. १५८४ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाच्या परंपरेतून आली आहे. ज्या पोथ्या हातात आहेत त्यांचं वय आणि ज्या ग्रंथाचं वय आपण सांगतो ते, यात अंतर असतं. एकाच शब्दावर मोठा इमला बांधणार असाल तर तो शब्द वेगवेगळ्या प्रतींत तोच आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पक्ष्याचं शरीर हाही पुरावा आहे

खर्डा दुरुस्त करताना एक गंमत लक्षात आली. आमचा राघू पिंजऱ्याच्या छताला उलटा लटकून मिरची खायचा. पोपटाच्या पायाला चार बोटं, दोन पुढे, दोन मागे. ती पकड फांदीला उलटं लोंबकळण्यासाठीच जणू घडलेली आहे. मग उलटं झाल्याने पोपट घाबरतो, हे खरं कसं?

इथे घाईने "संतांचं चुकलं" असं म्हणू नका. दृष्टान्ताचं काम पक्षिशास्त्र शिकवणं हे नसतं. पण हा प्रश्न मनात ठेवला तर एक उपयोगी गोष्ट हाती लागते. सातशे वर्षांत भाषा बदलली, राज्यं बदलली. कंठवाल्या पोपटाचं शरीर आणि सवयी तेवढ्या बदललेल्या नाहीत. तो थव्याने राहतो. तिन्हीसांजेला मोठ्या झाडांवर शेकड्यांनी गोळा होऊन कलकलाट करतो आणि तिथेच रात्र काढतो. एक खायला लागला की बाकीचे उतरतात. म्हणजे जुन्या मजकुरातल्या दाव्याला पक्ष्याच्या स्वभावाशी ताडून बघता येतं.

याच चष्म्यातून आजीची संध्याकाळ बघा. तिने निवडलेली वेळ दिवस मावळण्याची, जेव्हा पक्षी रात्रीची जागा शोधतो. तिने आवाज करत खाल्लं, म्हणजे थव्यातला सोबती खातोय असं दाखवलं. टक लावून बघितलं नाही, कारण टक लावून बघतो तो शिकारी. ओळखीचा पिंजरा उंच ओट्यावर, दिसेल असा ठेवला. आणि दार लगेच आपटलं नाही, म्हणजे आत गेलं की धोका, ही गाठ त्याच्या मनात बसू दिली नाही. पुन्हा कधी उडालाच तर पुन्हा येईल, याची तजवीज तिने त्या एका मिनिटात करून ठेवली. तिने पक्षिशास्त्राचं एक पान वाचलेलं नव्हतं.

नरसीचे नामदेव आणि राघू पढवणारी गणिका

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी नरसी आहे, परंपरेनुसार संत नामदेवांचं जन्मगाव. जन्म १२७० चा मानतात. औंढा नागनाथला विसोबा खेचरांची भेट झाली ती कथाही आपल्याच मातीतली. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात राहिले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत.

त्यातल्या एका पदात हरिनामाने कोण कोण तरलं याची यादी येते. त्यात अजामिळ आहे, आणि पोपटाला पढवता पढवता तरून गेलेली गणिकाही आहे. कथा तुम्हाला माहीत असेल: गणिका पोपटाला देवाचं नाव शिकवते, शिकवताना तिच्याही तोंडी ते नाव येत राहतं, आणि तेवढ्यावर तिचा उद्धार होतो.

माझ्यासाठी हा केवढा मोठा शोध होता! नरसीचा संत, आणि त्याच्या पदात पाळलेला, शिकवलेला राघू. इथे पोपट खरंच माणसाच्या घरात आहे. पण तीन रकाने भरायला बसले तेव्हा उत्साह जरा उतरला. गणिका आणि पोपट ही पुराणकथेतली जोडी, नामदेवांच्या घरची नव्हे. शिवाय गुरू ग्रंथ साहिबचं मूळ संकलन गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये केलं, नामदेवांचा काळ साधारण १२७० ते १३५०. मधली अडीचशे वर्षं ही पदं गात गात पुढे आली. तेव्हा "तेराव्या शतकातल्या हिंगोली परिसरात पोपट पाळत" असं या पदावरून म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच: पोपटाला बोलायला शिकवणं हे इतकं सवयीचं घरकाम होतं की भक्तीच्या वाटेवरचं सगळ्यात सोपं, सगळ्यात नकळत घडणारं साधन म्हणून त्याचं नाव घेता आलं. मला हेही कमी वाटत नाही. रोज संध्याकाळी आजी राघूशी जे बोलायची ते "विठ्ठल विठ्ठल"च होतं.

घरातला पक्षी: गाथा आणि गोष्टी

पाळलेल्या, बोलणाऱ्या पक्ष्याचा जुना पुरावा हवा असेल तर गोदावरीकडे वळा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये काढलेली तिची आवृत्ती ग्रंथालयात सहज मिळते, जरूर बघा. तिच्यात एका ठिकाणी आकाशातून उतरणाऱ्या पोपटांची रांग पाचू-माणकांच्या हारासारखी दिसते. आणि दुसऱ्या एका गाथेत एक तरुणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विनवते की, ही पिंजऱ्यातली साळुंकी आमच्या खोलीतून घेऊन जा, आमचं बोलणं ही चारचौघांत सांगत सुटते.

इथे पिंजरा शब्दाने आहे. पक्षी घरात आहे, शेजघरापर्यंत आहे, आणि तो ऐकलेलं बोलतो म्हणून लाजेचं कारण झाला आहे. विनोद चालतो तो वाचणाऱ्याने असला पक्षी बघितलेला आहे म्हणून. उपमेपेक्षा विनोद हा जास्त भक्कम पुरावा असतो असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. परंपरेने आलेला दृष्टान्त न बघितलेल्या वस्तूवरही चालतो. न बघितलेल्या गोष्टीवर हसू येणं अवघड.

पक्षी आणि दार यांची सगळ्यात मजेशीर गोष्ट मात्र शुकसप्ततीत आहे. नवरा परगावी गेला आहे, बायको रात्री घराबाहेर पडायला निघते. घरातली साळुंकी तिला तोंडावर रागावते, आणि ती साळुंकीची मान मुरगळायलाच उठते. पोपट हुशार. तो म्हणतो, जा की, पण अमक्यासारखी अडचण आली तर निभावता येईल का? "ती अडचण कुठली?" म्हणून ती थांबते, गोष्ट ऐकते, आणि रात्र सरते. अशा सत्तर रात्री.

यात कोण कुणाला पिंजऱ्यात परत बोलावतंय बघा! पक्षी बाईला घरात ठेवतो. आणि त्याची युक्ती अगदी आजीची: मागे धावायचं नाही, रागवायचं नाही, काहीतरी गोड पुढे करायचं आणि वेळ जाऊ द्यायचा. साळुंकीने टाळ्या वाजवल्या, पोपटाने डहाळा सोलला. ही गोष्ट फारसीत गेली. झियाउद्दीन नख्शबीने १३३० मध्ये 'तूतीनामा' लिहिला, ५२ रात्रींचा. तिथून ती दख्खनीत आली, गोवळकोंड्याचा कवी गव्वासी याने सतराव्या शतकात ती रचली. संस्कृत ग्रंथाचा जुना मराठी अनुवादही आहे, आणि तो रिचर्ड श्मिट या जर्मन अभ्यासकाने १८९७ मध्ये लाइपझिगला छापला. आपल्या भाषेतली पोथी वाचायला परदेशी छापखान्यातलं पुस्तक शोधावं लागतं, ही संशोधनातली नेहमीची गोष्ट आहे. वाईट वाटून घेऊ नका, पुस्तक शोधा.

पण सावध. या गोष्टीत "घरात राहणं म्हणजे बरं" हे आधीच ठरलेलं आहे. बाईला बाहेर का जायचं होतं, हा प्रश्न गोष्ट विचारत नाही. पिंजऱ्याबद्दलचं लिखाण नेहमी पिंजऱ्याच्या मालकाच्या बाजूने लिहिलेलं असतं. पक्ष्याबद्दल असो की माणसाबद्दल.

ससाण्याला ग्रंथ, राघूला दोन शब्द

पक्ष्याला परत बोलावण्याची कला ग्रंथांत सविस्तर सापडते, पण ती शिकारी पक्ष्यांची. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्याच्या शिकारीवर वेगळा भाग आहे. उत्तरेत कुमाऊंच्या रुद्रदेवाचं 'श्यैनिकशास्त्र' तर संपूर्ण पुस्तकच शिकारी पक्ष्यांवर. ससाणा शिकवण्याची रीत जगभर थोड्याफार फरकाने एकच: आधी डोळे झाकायचे, हातावर खायला घालायचं, मग पायाला लांब दोरी बांधून चार पावलांवरून बोलवायचं, मग दहा, मग पन्नास, आणि एक दिवस दोरी सोडायची. अकबराच्या दरबारात कबुतरं वीस हजारांहून जास्त होती, हेही अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त टिपून ठेवलं आहे.

आणि राघू? कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-साळुंकीला बोलायला शिकवणं ही एक कला म्हणून येते. यादीत नाव आहे, कृती नाही. कारण उघड आहे. ससाणा राजाचा, त्यासाठी नोकर, नोकरांसाठी नियम, नियमांसाठी ग्रंथ. राघू बायकापोरांचा. ती विद्या आजीकडून नातीकडे ओट्यावर जाते, तिला पोथी लागत नाही. म्हणून ती कागदावर अर्धी-मुर्धी, दुसऱ्याच कशाच्या तरी निमित्ताने उतरते.

आणखी एक माणूस या पुराव्यांतून गायब आहे. नळी बांधणारा. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांत नळी आहे, पोपट आहे, भ्रम आहे. नळी दोरीत ओवून झाडाला लावणारा पारधी नाही. "याला दुसऱ्या कुणी बांधलं का?" या प्रश्नाचं अध्यात्मातलं उत्तर "नाही" असं आहे, आणि तिथे ते बरोबरच आहे. इतिहासातलं उत्तर मात्र "हो, एका माणसाने, पोटासाठी" असं येतं. पाखरांच्या सवयी ज्यांना सगळ्यात जास्त ठाऊक होत्या त्या समाजाचं ज्ञान ग्रंथांत उपमा होऊन गेलं आणि माणसं बाहेर राहिली. पुढे १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या मालिकेत पारधी समाजही ओढला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या यादीतून सुटका झाली, पण शिक्का अजून पुसलेला नाही. माझ्या प्रकरणात आता या माणसाला एक पूर्ण भाग आहे. पेन्सिलीतला तो एक प्रश्न नसता तर नसता.

मुलाखती घेताना

कागद अपुरे म्हणून मी लोकांशी बोलायला लागले. हिंगोली, कळमनुरी, वसमत भागातल्या म्हाताऱ्या बायकांशी. पहिल्या काही भेटींत एकच उत्तर: "आमच्याकडं नव्हता बाई कधी राघू." भिंतीला पिंजऱ्याची खुंटी दिसत असायची, तरी.

कारण साधं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. म्हणजे आमच्या घरातला राघूही गुन्हाच होता, आणि ओट्यावरची ती गोड संध्याकाळ मी सांगते तेव्हा हेही सांगायला हवं. आम्ही तो आठवडी बाजारातून आणला होता, पिल्लू असताना. ढोलीतून काढलेली किती पिल्लं वाटेत मेली असतील याचा विचार आमच्या घरात कुणी केला नाही.

मुलाखतीत म्हणून मी आता तीन गोष्टी पाळते. नाव, गल्ली, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, टिपणवहीतसुद्धा नाही. "तुमच्याकडे होता का?" असं विचारायचं नाही. "पूर्वी लोक राघू उडाला तर काय करायचे?" असं विचारायचं. आणि आज घरात पक्षी असेल तर त्याबद्दल काही विचारायचंच नाही. प्रश्न बदलल्यावर बायका खुलल्या. आरसा दाखवायचा, दुसऱ्या राघूचा पिंजरा शेजारी ठेवायचा, चुलीवर मिरची परतल्याचा वास, घरातल्या लहान पोराला रडवायचं कारण राघू त्याचीच नक्कल करायचा. प्रत्येकीची युक्ती वेगळी, पण पळापळ करायची नाही हे सगळ्यांचं एकच.

तर राघू परत का आला?

तीन उत्तरं जमली आहेत. पाळणारे म्हणतात, मायेने आला. दृष्टान्त सांगणारे म्हणतील, बंधनाची सवय सुटली नाही म्हणून आला. पक्षिशास्त्र म्हणेल, भूक, तिन्हीसांज आणि थव्याची ओढ.

आजीने त्या दिवशी डहाळ्याची सालं गोळा करता करता म्हटलं होतं, "येईना तर काय करील? त्याला जायला दुसरं घर कुठं ठेवलंय आपण?"

तेव्हा मला वाटलं, आजीने प्रश्न टाळला. आज वाटतं, चारही उत्तरांत तिचं एकटीचंच असं आहे की ज्यात उत्तर देणारी स्वतःला धरून बोलते. "आपण" म्हणते. माया, भ्रम, भूक, हे सगळं पक्ष्याच्या आत शोधायचं. तिने कारण पिंजऱ्याबाहेर शोधलं. पंख कापलेले, थवा माहीत नाही, रानातलं फळ कसं फोडायचं माहीत नाही. लिंबाच्या शेंड्यावरून त्याला सगळं हिंगोली दिसत होतं आणि त्यात ओळखीची जागा एकच होती.

संशोधनात "परत आले", "राहिले", "सोडून गेले नाहीत" अशी वाक्यं तुम्हाला सतत भेटतील. कूळ सावकाराकडे परत आलं, सून सासरी परत आली, मजूर त्याच मालकाकडे राहिला. कागद म्हणेल, निष्ठेने. एखादा अभ्यासक म्हणेल, अज्ञानाने. दोन्ही मान्य करायच्या आधी आजीचा प्रश्न विचारा: जायला दुसरी जागा होती का, आणि ती नव्हती तर कुणी ठेवली नव्हती?

माझं प्रकरण दुसऱ्यांदा गेलं आहे. या वेळी समासात काय येतं बघू. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या विषयातली एक उपमा किंवा एक म्हण घ्या, वहीत तीन रकाने आखा आणि तिसरा रकाना आधी भरा: यातून काय निघत नाही. तो भरला की पहिले दोन भरताना हात आपोआप जपून चालतो.

राघू पुढे चार वर्षं जगला. तो गेल्यावर आजीने पिंजरा भंगारात दिला आणि दुसरा आणू दिला नाही.